जुनी पोलादी टूरिंग फ्रेम विकत घेण्याआधी

बडोद्यात जुनी सायकल दोन वाटांनी समोर येते. एक वाट दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांची. जिन्याखाली नाहीतर पडवीत वर्षानुवर्षं टेकवून ठेवलेली काळी रॅले, बीएसए किंवा हर्क्युलस. दुसरी वाट परदेशातल्या नातेवाइकांची. तिकडचं घर आवरताना कुणीतरी आपली जुनी गिअरची सायकल खोलून खोक्यात घालतं आणि ती इथे येऊन पडते. खरी टूरिंग फ्रेम, म्हणजे ओझं घेऊन लांबच्या प्रवासाला बनवलेल्या सायकलचा सांगाडा, बहुतेक या दुसऱ्या वाटेनं येते: इंग्लंडहून डॉझ गॅलॅक्सी किंवा रॅलेचं एखादं मॉडेल, अमेरिकेतून मियाता १०००, ट्रेक ५२०, फुजी. पुढे घरात कुणाला तिच्यात रस उरत नाही आणि ती शुक्रवारी बाजारात नाहीतर मोबाइलवरच्या जाहिरातीत उतरते. दोन्हीकडे विकणाऱ्याचं पहिलं वाक्य एकच असतं: "ओरिजिनल इंग्लंडची आहे."

ते वाक्य बाजूला ठेवा. रंग नवा मारता येतो, स्टिकर हुबेहूब छापून मिळतात, बिल्ला दुसऱ्या सायकलवरून काढून लावता येतो. नळीची जाडी, सांध्याची झाळ आणि फ्रेममधली अंतरं मात्र कुणी बदलत बसत नाही, कारण त्या कामाला फ्रेमच्या किमतीहून जास्त खर्च येतो. म्हणून फ्रेम मोजून ओळखायची.

सोबत न्यायचं सामान फार नाही: व्हर्नियर कॅलिपर, स्टीलची पट्टी, मोजपट्टी, बारीक पण न ताणणारा चारेक मीटर दोरा, टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक, बाटलीभर डिझेल, फळ्यावरचा खडू आणि सीट पिलरचा (सीटखालच्या दांडीचा) बोल्ट सोडवायला पाने. सामानाचा वजनकाटा मिळाला तर उत्तम. आणि बघायला जायचं ते दिवसा. ट्यूबलाइटच्या उजेडात पोचा दिसत नाही.

टूरिंग फ्रेम कशावरून म्हणायची

बी.बी. शेलच्या, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो त्या खालच्या आडव्या नळीच्या, मध्यापासून मागच्या आसाच्या मध्यापर्यंत मोजा. ही चेनस्टेची लांबी. रेसिंग फ्रेममध्ये ती साधारण ४०.५ ते ४१.५ सेंमी, टूरिंगमध्ये ४३ ते ४६ सेंमी भरते. कारण साधं आहे: मागच्या कॅरियरवर बाजूला पिशव्या लटकवल्या की टाचा त्यांना लागता कामा नयेत, आणि ओझं आसाच्या फार मागे जाता कामा नये. दोन आसांमधलं अंतर टूरिंगमध्ये १०२ ते १०७ सेंमीच्या घरात, रेसिंगमध्ये मीटरच्या आत. आपली काळी रोडस्टर या हिशेबात आणखी लांब, ११४ सेंमीच्या आसपास, आणि तिचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, बराच कललेला. ती सरळ आणि शांत चालते, खड्डे पचवते, पण नळ्या जाड असल्यामुळे पूर्ण सायकल सहज १८-२० किलोवर जाते. तिला कमी लेखायचं कारण नाही. फक्त तिला टूरिंग फ्रेमच्या भावानं घेऊ नये.

यानंतर डोळे आणि बोटं कामाला लावा. मागच्या ड्रॉपआऊटला, म्हणजे आस ज्या खाचेत बसतो त्या पट्टीला, पेचाची भोकं किती आहेत? एक मडगार्डला, एक कॅरियरला, अशी दोन असतील तर बनवणाऱ्याच्या डोक्यात ओझं होतं. पुढच्या चिमट्याला तीच भोकं, सीटस्टेवर (सीटपासून मागच्या आसाकडे उतरणाऱ्या दांड्यांवर) वरच्या बाजूला कॅरियरचे पेच, बाटलीच्या दोन जागा, आणि ऐंशीच्या दशकातल्या फ्रेमवर चिमट्याच्या मधोमध पुढच्या कॅरियरसाठी पेच. कँटिलिव्हर ब्रेकचे (रिमच्या दोन्ही बाजूंना थेट फ्रेमवर बसणाऱ्या ब्रेकचे) खुंट असतील तर प्रश्नच मिटला. मात्र हे सगळं नसलं म्हणून फ्रेम नाकारू नका. सत्तरच्या दशकापर्यंत कित्येक चांगल्या फ्रेमवर पट्टे आवळूनच केबल, गिअरची दांडी आणि बाटली बसवत. नळीला भोक पाडलं की ती कमजोर होते असं तेव्हाच्या पुष्कळ कारागिरांचं मत होतं.

टायरला जागा किती तेही बघा. चिमट्याच्या माथ्याखाली ३२ मिमी टायर आणि वर मडगार्ड बसून बोटभर फट उरली पाहिजे.

नळी किती जाड आहे

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण किमतीतला खरा फरक नळ्यांमध्ये आहे.

इंग्लिश, अमेरिकन आणि जपानी मापाच्या फ्रेममध्ये वरचा दांडा बाहेरून एक इंच, म्हणजे २५.४ मिमी. सीटची नळी आणि खालची तिरकी नळी एक इंच एक सूत, म्हणजे २८.६ मिमी. जुन्या फ्रेंच फ्रेममध्ये हेच आकडे २६ आणि २८ मिमी. आधी हे ठरवा, कारण पुढची सगळी मापं यावर टेकली आहेत.

आता सीट पिलर काढा. त्याच्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. आपल्याकडे कमी मापाचा पिलर पत्र्याची पट्टी गुंडाळून ठोकून बसवायची जुनी सवय आहे. नळीच्या तोंडाशीही मोजू नका, बोल्ट आवळून आवळून ते तोंड लंबगोल झालेलं असतं. कॅलिपरचे आतले जबडे जातील तेवढे खाली घालून, दोन दिशांनी मोजा. इंग्लिश मापाच्या फ्रेममध्ये पिलर २७.० ते २७.२ मिमीचा बसत असेल तर नळी पातळ आणि म्हणून बहुधा चांगल्या मिश्र पोलादाची. २६.२ ते २६.६ असेल तर मध्यम जाडीची. २५.४ किंवा त्याहून कमी असेल तर साधं जाड पोलाद, स्टिकर काहीही म्हणो. फ्रेंच फ्रेममध्ये मात्र २६.४ मिमीचा पिलरही पातळ नळीचा असतो. बाहेरचं माप आधी घ्यायला सांगितलं ते यासाठीच.

रेनॉल्ड्स ५३१ हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्याचाच आधार जास्त घेतला जातो. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सनं टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी नळी काढायच्या पद्धतीचं पेटंट १८९७ मध्ये घेतलं, आणि मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ५३१ नळी १९३५ मध्ये आणली. टोकाला जाडी हवी, कारण झाळताना उष्णता तिथे लागते आणि जोरही तिथेच येतो. मध्ये ती वजन वाढवते, दुसरं काही करत नाही. ५३१चं स्टिकर खरं असलं तरी शब्द नीट वाचा. काहींवर बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) नळ्या, चिमटा आणि मागचे दांडे सगळं ५३१ असं लिहिलेलं असतं, तर काहींवर फक्त तीन मुख्य नळ्या, त्याही सलग एका जाडीच्या. दोन्ही फ्रेम "पाचशे एकतीस"च, पण भाव एक असू शकत नाही. टूरिंगसाठी ५३१ एसटी नावाचा थोडा दणकट संच होता. ओझं वाहायचं असेल तर तो रेसिंगच्या हलक्या संचापेक्षा बरा. ५०१ हे १९८३चं स्वस्त भावंड. वाईट नाही, पण त्याला ५३१चे पैसे देऊ नका. जपानी टँगे, इशिवाता आणि मियाताच्या स्वतःच्या नळ्या आपल्याकडे उगाच दुय्यम समजतात. मियाता १०००ची फ्रेम कोणत्याही मध्यम दर्जाच्या इंग्लिश फ्रेमपेक्षा नीटस निघते.

वजनानं पडताळा करा. ५७ सेंमीच्या आसपासची ५३१ टूरिंग फ्रेम चिमट्यासकट तीन किलोच्या जवळपास भरते. चार किलोच्या पुढे गेली तर स्टिकरवर विश्वास ठेवू नका. नखानं टिचकी मारून आवाजावरून नळी ओळखणारे भेटतील. आवाज फरक दाखवतो खरा, पण त्यावर पैसे मोजू नयेत.

चिमटा काढायची परवानगी मिळाली तर त्याच्या उभ्या नळीवर नळी बनवणाऱ्याचा ठसा आहे का बघा. तो ठसा कुणी नंतर मारत नाही.

झाळ, लग आणि ड्रॉपआऊट

नळ्या ज्या पोलादी खोबणीत बसवून पितळेनं किंवा चांदीच्या मिश्रधातूनं झाळतात ते लग. टॉर्च तिरपा धरून लगची कड बघा. चांगल्या कामात कड पातळ घासलेली, टोकं दोन्ही बाजूंना सारखी, आणि कडेला झाळीची बारीक सलग रेघ असते. घाईच्या कामात पितळेचे ओघळ असतात, मध्ये टाचणी जाईल अशी भोकं असतात आणि रंगाची पुट्टी भरून ती झाकलेली असतात. लगच्या आसपास चुंबक फिरवा. कुठे ओढ अचानक कमी झाली तर खाली पुट्टी भरलेली आहे. पोचा तरी असेल, नाहीतर दुरुस्ती.

नक्षीदार लग म्हणजे भारी फ्रेम असं समीकरण नको. हेचिन्सचे वेलबुट्टीचे लग प्रसिद्ध आहेत, पण अगदी साधे, नीट घासलेले लग असलेली फ्रेम वळणदार आणि जाडजूड लगच्या फ्रेमपेक्षा कितीदा तरी सरस असते.

ड्रॉपआऊटची जाडी मोजा. घडीव असेल तर साधारण ६-७ मिमी, आणि त्यावर कॅम्पाग्नोलो, सनटूर, शिमानो यांपैकी एखादं नाव कोरलेलं. पत्रा कापून केलेला असेल तर पातळ, आणि मागच्या नळ्यांची टोकं चपटी दाबून त्याला जोडलेली. चिमट्याच्या टोकांनाही हीच परीक्षा. पुढे घडीव आणि मागे पत्रा असं दिसलं तर चिमटा बदललेला असण्याची शक्यता मोठी.

बिल्ला, नंबर, तारखा

रॅलेचा बगळा, बीएसएच्या एकमेकींना टेकलेल्या तीन बंदुका, रजचा पंजा, हंबरच्या चिमट्याची प्रत्येक बाजू दोन बारीक नळ्यांची: या खुणा पाठ असाव्यात. बिल्ल्याच्या मागे जुनी, न वापरलेली रिव्हेटची भोकं दिसली तर बिल्ला दुसरीकडचा आहे. बिल्ल्यावरचा मजकूरही पूर्ण वाचा. आसनसोलची सेन-रॅले आणि नॉटिंगहॅमची रॅले या वेगळ्या. मद्रासजवळ अंबत्तूरला कारखाना असलेली टीआय सायकल्स १९४९ मध्ये स्थापन झाली, त्यामुळे हर्क्युलसचं नाव दिसलं म्हणजे इंग्लंड असं होत नाही. उलट इंग्लंडमध्येही बीएसएचा सायकल-धंदा १९५७ मध्ये रॅलेकडे गेला आणि १९६० मध्ये फिलिप्स, हर्क्युलस ही नावं त्याच छत्राखाली आली. त्यानंतरच्या सायकलींमध्ये बिल्ल्यावरून दर्जाचा वाद घालण्यात अर्थ नाही.

फ्रेमचा नंबर बी.बी. शेलच्या खाली, सीटच्या लगवर किंवा ड्रॉपआऊटवर असतो. रंगाचे थर चढून तो बुजला असेल तर खरवडू नका. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासा, अंक उठतात. स्टर्मी-आर्चरचं तीन गिअरचं हब असेल तर त्याच्या अंगावर वर्ष आणि महिना कोरलेला सापडतो: एडब्ल्यू (हबचं मॉडेल), मग ६२, मग ३, म्हणजे मार्च १९६२. शिमानोच्या भागांमागे १९७६ पासून दोन अक्षरांची खूण असे. पहिलं वर्षाचं, ए म्हणजे १९७६, दुसरं महिन्याचं. एच-सी असेल तर मार्च १९८३. चाक बदललेलं असू शकतं, म्हणून एका तारखेवर निकाल नको. हब, क्रँक आणि गिअर वर्षा-दीड वर्षाच्या आत जुळले, तर फ्रेम त्याच काळातली धरायला हरकत नाही.

पुराचं पाणी

बडोद्यात हा मुद्दा वेगळा काढून बघावाच लागतो. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचा पूर, या दोन्ही वेळी तळमजल्यावरच्या कितीतरी सायकली पाण्यात उभ्या राहिल्या. बाहेरून पुसली की फ्रेम नवी दिसते. पाणी आत शिरतं ते सीट पिलरच्या चिरेतून आणि झाळताना हवा जायला ठेवलेल्या बारीक भोकांतून. ते उतरून बी.बी. शेलमध्ये आणि चेनस्टेच्या पुढच्या टोकाशी साचतं. सोबत गाळ असतो. तो ओल धरून ठेवतो आणि नळी आतून खात राहतो.

पिलर काढून टॉर्च मारा. आत पिवळट गाळाची आडवी रेघ दिसली तर सायकल पाण्यात उभी होती. मग फ्रेम उलटी करून सीटच्या नळीचं तोंड वर्तमानपत्रावर धरा आणि बी.बी. शेलवर लाकडी ठोकळ्यानं हलके ठोके द्या. नारिंगी पूड पडली तर घाबरायचं नाही, जुन्या पोलादाचा तो नेहमीचा गंज. नखाएवढे पापुद्रे पडले तर नळीची जाडी गेलेली आहे. चेनस्टेच्या खालच्या अंगाला, शेलपासून चार बोटांपर्यंत, टोच्यानं दाबून बघा. कुठे रंग आत दबला तर फ्रेम परत ठेवा, भाव कितीही पाडून मिळाला तरी.

फ्रेम घेतलीच तर रंगाआधी आतलं काम करा. सगळं खोलून, गाळ धुऊन, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून प्रत्येक नळीत डबल बॉइल्ड जवसाचं तेल घालायचं. पूर्ण फ्रेमला १००-१५० मिली पुरतं. भोकांना चिकटपट्टी लावून फ्रेम सगळ्या अंगांनी फिरवायची, मग उरलेलं निथळू द्यायचं. आठवडाभरात आत पातळ साय धरते. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा. शेलच्या तळाला निचऱ्याचं भोक नसेल तर ४ मिमीचं एक पाडून घ्यावं.

सरळ आहे का

मागच्या एका ड्रॉपआऊटला दोरा बांधा, पुढे हेड ट्यूबला (हँडलखालच्या पुढच्या उभ्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआऊटला त्याच जागी आणून ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. फरक १ मिमीच्या आत असेल तर उत्तम, २ मिमीपर्यंत चालतो. ३ मिमी किंवा जास्त असेल तर मागचा भाग वाकलेला आहे. पोलादी फ्रेम जाणकार माणूस थंडपणीच वाकवून सरळ करू शकतो, म्हणून हा दोष भाव कमी करायला उपयोगी, नाकारायला नाही.

समोरच्या टकरीचं मात्र तसं नाही. हेड ट्यूबच्या मागे दोन ते पाच सेंमीवर, खालच्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. टक्कर झालेल्या फ्रेममध्ये तिथे बारीक फुगवटा किंवा सुरकुती लागते आणि रंगाला आडवी भेग असते. डोळ्याला दिसायच्या आधी ती बोटाला कळते. ही फ्रेम नको.

चिमटा तपासायला पुढचं चाक काढून उलटं फिरवून बसवा. चाक दोन्ही वेळा एकाच बाजूला कललं तर दोष चिमट्याचा. कल बाजू बदलत असेल तर चाकाचा आऊट काढून घ्या, चिमटा ठीक आहे.

तडे

तडे बहुधा जातात त्या जागा: चेनस्टे शेलला मिळतो ती जागा, उजव्या ड्रॉपआऊटची खाच, सीटच्या बोल्टचे कान, कॅरियरची भोकं. जागा पुसून डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडी करा आणि खडूची पूड फासून थांबा. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळी रेघ ओढतं. रंगाची भेग असेल तर रेघ बहुधा अस्पष्ट राहते किंवा उमटतच नाही. शंका राहिली तर तेवढा रंग खरवडून पुन्हा तपासा. कानाचा तडा झाळून दुरुस्त होतो. पण ते काम पितळी किंवा चांदीच्या झाळीचंच. गेटं-ग्रिल्सच्या दुकानात विजेचं वेल्डिंग करून घेतलं तर पातळ नळी सांध्याच्या कडेला करपते आणि पुढचा तडा तिथूनच सुरू होतो.

पेच आणि चाकं

फ्रेम चांगली असूनही सायकल उभी राहत नाही, ती इथे. इंग्लिश बी.बी. शेल ६८ मिमी रुंद, पेच १.३७ इंचाचा, इंचाला २४ आटे, आणि चेनच्या बाजूचा कप (शेलमध्ये आवळून बसणारी बेअरिंगची वाटी) उलट्या आट्याचा. रॅलेच्या नेहमीच्या मॉडेलांत मात्र इंचाला २६ आटे आणि शेल ७१ किंवा ७६ मिमी. इटालियन ७० मिमी, ३६ मिमी व्यास, दोन्ही आटे सुलटे. फ्रेंच ३५ मिमी व्यास, आटे १ मिमीवर. २४ आट्याचा कप २६ च्या शेलमध्ये दोन-तीन वेढे जातो आणि अडकतो. तिथे मेकॅनिकनं पान्याला पाइप लावला की शेल कायमचं गेलं. म्हणून जुने कप फेकू नका.

मागच्या ड्रॉपआऊटमधलं अंतर १२० मिमी असेल तर पाच गिअरचा काळ, १२६ असेल तर सहा-सात. पोलाद असल्यामुळे १२६ चं १३० करता येतं, दोन्ही बाजूंनी सारखं वाकवून.

चाकांत सगळ्यात जास्त घोळ होतो. टायर रिमवर बसतो तो व्यास २७ × १¼ ला ६३० मिमी, ७००सीला ६२२, आपल्या २८ × १½ रोडस्टरला ६३५, आणि २६ × १⅜ ला ५९०. २७ इंची टायर आपल्याकडे सहज मिळत नाहीत, त्यामुळे बहुतेक जण ७००सी चाकं घालतात. तसं केलं की रिम ४ मिमी खाली जाते. ब्रेकच्या बोल्टपासून नव्या रिमच्या मध्यापर्यंत मोजा. ५७ मिमीपर्यंत असेल तर साधा कॅलिपर ब्रेक पोचतो, त्यापुढे लांब हाताचा शोधावा लागेल.

सीट पिलर किंवा हँडलचा स्टेम अडकलेला असेल तर फ्रेम वाया गेली असं धरूनच भाव लावा. निघाला तर नफा.

रंग

मूळ रंग साठ-सत्तर टक्के शिल्लक असेल तर पावडर कोटिंगच्या मोहात पडू नका. हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा, लगच्या कडांची नाजूक घासाई आणि नंबर, सगळं त्या जाड थराखाली जातं. धुऊन, गंजाचे ठिपके बारीक घासून, वर मेण लावलं की पुरे. व्यवहार करताना फ्रेम नंबर घालून विकणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी घ्या.

सायकल जोडून झाली की मागच्या कॅरियरवर आठ-दहा किलो ओझं दोन्ही बाजूंना सारखं बांधून सकाळी शहराबाहेरच्या आजवा तलावापर्यंत जाऊन या. २५ च्या वेगाला हात हँडलवर हलके ठेवा. हँडल थरथरायला लागलं तर आधी हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) आवळून बघा, मग कॅरियरचे पेच, मग ओझं थोडं पुढे सरकवा. तरीही थरथर राहिली तर नळ्या त्या ओझ्याला पातळ पडताहेत, त्या फ्रेमला पाच किलोच्या पुढे नेऊ नका. परत आल्यावर बोल्ट पुन्हा आवळा आणि ड्रॉपआऊट व शेलपाशी खडूची पूड आणखी एकदा फासा.